मॉडिफाइड इंजिनाचे इंजेक्टर: आधी हिशेब, मग खरेदी

टर्बो बसला, कॅम बदलला, एक्झॉस्ट मोकळा झाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘किती सीसीचे इंजेक्टर घालू?’ (इंजेक्टर म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल फवारणारा भाग, आणि सीसी म्हणजे तो सतत उघडा ठेवला तर मिनिटाला किती पेट्रोल सोडतो तो आकडा.) उत्तर मिळायच्या आधीच बऱ्याच जणांची खरेदी उरकलेली असते. मित्राच्या गाडीत ५५० सीसी आहेत म्हणून आपल्यालाही ५५०. मग आयडलिंगला गाडी हुंदके देते, प्लग काळे पडतात, पेट्रोलचा वास केबिनपर्यंत येतो आणि खापर ट्यूनरवर फुटतं. उलटंही होतं. इंजेक्टर लहान पडतात, वरच्या आरपीएमला मिक्स्चर लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं) आणि एक पिस्टन वितळतो. दोन्हीचं मूळ एकच, खरेदी आधी आणि हिशेब नंतर.

खालचा क्रम मोडू नका. खरेदीची पायरी आठवी ठेवली आहे, ती मुद्दाम.

उदाहरणाला सगळीकडे एकच इंजिन धरलंय: जिप्सी, एस्टीम आणि जुन्या स्विफ्टमधलं मारुतीचं १.३ लिटर, १६ व्हॉल्व्हचं जी१३. त्यावर छोटा टर्बो, ०.८ बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब), आणि क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, १५० एचपी हे लक्ष्य.

सावधान: रस्त्यावर चालणाऱ्या, एमएच ०९ पाटीच्या गाडीच्या इंजिनात असा बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. हे काम ट्रॅकच्या किंवा स्पर्धेच्या गाडीचं आहे, असं धरूनच पुढे लिहिलंय.

## १. इंजिन कोणत्या पद्धतीचं आहे ते बघा

हा लेख पोर्ट इंजेक्शनचा आहे, म्हणजे इंजेक्टर इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) बसतो आणि पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवर मारतो. बलेनो आरएसचं १.० बूस्टरजेट किंवा फोक्सवॅगन-स्कोडाचं १.० टीएसआय ही डायरेक्ट इंजेक्शनची इंजिनं. त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, शंभर-दोनशे बारच्या घरातल्या दाबाने जातं. तिथे यातलं काहीही लागू पडत नाही.

इंजेक्टर किती आहेत ते मोजा. ‘चार सिलिंडर म्हणजे चार’ असं गृहीत धरू नका. मारुतीच्या १.२ ड्युअलजेटमध्ये दर सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण आठ असतात, आणि हिशेबात भागाकार आठनेच करायचा.

रेलवरून (सगळ्या इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवरून) टाकीकडे परतीची नळी जाते का, हेही आत्ताच बघून ठेवा. पायरी ४ मध्ये लागेल.

## २. तीन आकडे कागदावर लिहा

पहिला, ताकद. क्रँकवरची हवी, चाकावरची नाही. ‘अजून थोडी वाढली तर असू दे’ म्हणून आकडा फुगवू नका. टर्बो आणि इंजिनाचा खालचा भाग जेवढं झेलणार आहे तेवढाच लिहा.

दुसरा, इंधन. आता पंपावर मिळणारं साधं पेट्रोल म्हणजे ई२०, पाचवा हिस्सा इथेनॉल. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते, त्यामुळे तेवढ्याच ताकदीला साधारण ८ टक्के जास्त इंधन लागतं. परदेशी कॅल्क्युलेटरवर आलेला आकडा जसाच्या तसा उचलला तर हे ८ टक्के हिशेबातून निसटतात.

तिसरा, उंची. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे आणि इथल्या हवेची घनता सपाटीच्या मानाने पाच-सहा टक्के कमी असते. गाडी इथे ट्यून केली, इंजेक्टर अगदी काठोकाठ निवडले आणि करूळ घाटातून वैभववाडीला किंवा आंबा घाटातून रत्नागिरीला उतरलात, तर खाली हवा दाट मिळते. टर्बो नसलेल्या इंजिनाला पाच-सहा टक्के आणि ०.८ बार बूस्टवर चार टक्क्यांच्या आसपास जास्त पेट्रोल लागतं. काठोकाठ निवडलेल्या इंजेक्टरकडे ते नसतं. म्हणून हिशेब सपाटीचा करायचा, आपल्या गावचा नाही.

## ३. सीसी काढा

एका एचपीला तासाभरात किती इंधन लागतं, यावर सगळं उभं आहे. टर्बो नसलेल्या चांगल्या इंजिनाला सुमारे २२५ ग्रॅम धरा, टर्बोला २७०. टर्बोला जास्त लागतं, कारण पूर्ण लोडवर सिलिंडर थंड ठेवायला मिक्स्चर मुद्दाम रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, ठेवावं लागतं.

आपल्या उदाहरणात:

- १५० एचपी × २७० ग्रॅम = तासाला ४०,५०० ग्रॅम
- ई२० साठी × १.०८ = ४३,७४० ग्रॅम
- चार इंजेक्टरांत वाटून = प्रत्येकी १०,९३५ ग्रॅम, म्हणजे मिनिटाला १८२ ग्रॅम
- घनता ०.७५ धरून = मिनिटाला २४३ सीसी
- ८५ टक्के ड्यूटीसाठी ÷ ०.८५ = २८६ सीसी
- सपाटीसाठी ५ टक्के वाढवून = ३०० सीसी

बाजारात ३०० ते ३३० मध्ये जे मिळेल ते घ्यावं. पुढे ३१५ धरू.

ड्यूटी म्हणजे एका सायकलमधला इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ. ती ८५ टक्केच का? ६,५०० आरपीएमला इंजिनाची दोन फेऱ्यांची एक सायकल १८.५ मिलिसेकंदांत संपते. त्यातला ८५ टक्के वेळ इंजेक्टर उघडा राहिला तरी बंद होऊन पुन्हा उघडायला पावणेतीन मिलिसेकंदच उरतात. त्याहून वर गेलात की सुई नीट बसत नाही, मध्येच लटकते. मग प्रत्येक फवारा वेगळा पडतो आणि ट्यूनिंगला धरायला काही उरत नाही.

मग सरळ १,००० सीसी का घालू नयेत? हा प्रश्न सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून जरा सविस्तर.

आयडलिंगला, ९०० आरपीएमवर, या इंजिनाला तासाला सुमारे ०.७ लिटर पेट्रोल लागतं असं धरा. प्रत्येक फवाऱ्याला फक्त ०.००६५ सीसी येतं. ३१५ सीसीच्या इंजेक्टरला तेवढं सोडायला १.२४ मिलिसेकंद लागतात. १,००० सीसीच्या इंजेक्टरला ०.३९. आता इंजेक्टरच्या उघडण्याच्या वेळेत ०.१ मिलिसेकंदाची चूक झाली, तर लहान इंजेक्टरवर मिक्स्चर ८ टक्क्यांनी हलतं आणि मोठ्यावर २६ टक्क्यांनी. गाडी हुंदके देते ती यामुळे. आधुनिक, चांगल्या बनावटीचे मोठे इंजेक्टर नेमक्या डेटाच्या जोरावर आयडलिंगला शांत राहू शकतात. पण १५० एचपीच्या गाडीला ते ओझं कशाला?

तपासणी: तुमचा हिशेब ३०० म्हणतो आणि मन ५५० कडे धावतंय, तर पायरी २ मधला ताकदीचा आकडा पुन्हा वाचा. तो खरंच बदलला असेल तरच सीसी बदला.

## ४. दाबाशिवाय सीसीला अर्थ नाही

‘३१५ सीसी’ हे अर्धंच वाक्य आहे. ‘३ बारला ३१५ सीसी’ म्हटलं की पूर्ण होतं. दाब बदलला की प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. हाच इंजेक्टर ३.५ बारला ३४० आणि ४ बारला ३६४ सीसी देतो. विक्रेत्याने ४ बारचा आकडा सांगितला आणि तुमची रेल ३ बारची असली, तर १३ टक्के प्रवाह तिथेच गेला.

त्याहून मोठी गफलत बूस्टची. इंजेक्टरला कळतो तो रेलमधला आणि मॅनिफोल्डमधला *फरक*. रेग्युलेटरला (पेट्रोलचा दाब राखणाऱ्या भागाला) मॅनिफोल्डची व्हॅक्यूम नळी जोडलेली असेल, तर बूस्ट ०.८ बार चढला की रेलचा दाबही ३.८ होतो आणि फरक ३ च राहतो. परतीची नळी नसलेल्या, टाकीतच रेग्युलेटर असलेल्या पद्धतीत रेल ३ वरच अडकते. फरक २.२ बार उरतो आणि ३१५ सीसीचा इंजेक्टर २७० चा होतो, तेही नेमका पूर्ण बूस्टवर. टर्बो लावलेल्या गाडीला परतीची नळी आणि व्हॅक्यूम जोडलेला रेग्युलेटर घालणं हा सगळ्यात सरळ मार्ग.

सावधान: ही व्हॅक्यूम नळी एका सिलिंडरच्या रनरवरून (त्याच्या एकट्याच्या हवेच्या नळीवरून) नको, प्लेनममधून (सगळ्यांच्या सामाईक हवेच्या पेटीतून) घ्या. तिच्यावर क्लॅम्प लावा. बूस्टमध्ये ती निसटली तर इंजिन तिथल्या तिथे लीन होतं.

## ५. पंप पुरतो का

तासाला ४३,७४० ग्रॅम म्हणजे सुमारे ५८ लिटर. त्यावर ३० टक्के राखीव ठेवा: ७५ लिटर, तेही ३.८ बारला. डब्यावर ‘ताशी २५५ लिटर’ लिहिलेलं बघून खूश होऊ नका. दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो, व्होल्टेज पडलं की अजून घटतो. पंपाच्या कपलरवर (वायरी जोडतात त्या सॉकेटवर), पंप चालू असताना, मल्टिमीटर लावा. बॅटरीवर १३.८ आणि पंपावर ११.५ दिसत असेल तर दोष वायरिंगचा आहे. बॅटरीपासून वेगळी जाड वायर, फ्यूज आणि रिले घाला.

प्रवाह प्रत्यक्ष मोजायचा तर इंजिन बंद ठेवून, फक्त पंप चालवून, परतीची नळी मोजपात्रात सोडा. रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम तोटीला हातपंपाने ०.८ बार हवा द्या, म्हणजे रेल ३.८ वर जाईल. ३० सेकंदांत ६२५ सीसी जमलं पाहिजे. हे काम उघड्यावर, इंजिन थंड असताना आणि ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवूनच करा.

जुन्या गाडीच्या नळ्याही याच वेळी बदला. दाबाच्या लाइनला इंजेक्शनसाठीची, एसएई जे३० आर९ छाप असलेली नळी लागते. टाकीत बुडून राहणाऱ्या तुकड्याला ती चालत नाही, तिथे आर१० हवी. साधी नळी टाकीत घातली तर बाहेरून फुगून विरघळते आणि तिचे काळे कण पुढे जातात.

## ६. रोध मोजा

इंजेक्टरच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावा. १२ ते १६ ओहम दिसले तर हाय इम्पिडन्स, २ ते ४ दिसले तर लो. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध आधी वजा करा, लो इम्पिडन्सला तो लक्षणीय असतो.

बहुतेक कंपनी ईसीयू (इंजिनाचे कॉम्प्युटर) हाय इम्पिडन्ससाठीच बनलेले असतात. १४ व्होल्टला १२ ओहममधून १.२ अँपिअर जातो, अडीच ओहममधून साडेपाचच्या वर. ईसीयूमधला ड्रायव्हर (इंजेक्टरचा करंट चालू-बंद करणारा भाग) त्यात जळतो. पर्याय असेल तर हाय इम्पिडन्सच घ्या. लो घ्यायचेच असतील तर रेझिस्टर बॉक्स किंवा पीक-अँड-होल्ड ड्रायव्हर (उघडताना जास्त आणि मग कमी करंट देणारा) लागतो, आणि त्याचा खर्च आधीच धरून चला.

सावधान: ‘टिकटिक होते का बघू’ म्हणून बॅटरीच्या वायरी थेट इंजेक्टरला लावून धरू नका. लो इम्पिडन्सची कॉइल काही क्षणांत तापते.

## ७. अंगाचं माप आणि फवाऱ्याची दिशा

व्हर्निअर घ्या आणि जुन्या इंजेक्टरवर तीन मापं काढा: वरच्या ओ-रिंगपासून खालच्या ओ-रिंगपर्यंतची लांबी, वरच्या ओ-रिंगचा व्यास आणि खालच्या ओ-रिंगचा व्यास. बाजारात लांबीचे मुख्य प्रकार ढोबळमानाने तीन, ६०, ४८ आणि ३४ मिलिमीटर. वरची ओ-रिंग १४ किंवा ११ मिलिमीटरची. कपलरचेही प्रकार वेगळे असतात, पण ती किरकोळ गोष्ट आहे, अॅडॉप्टर मिळतात.

लांबी जुळत नसेल तर रेलखाली स्पेसर किंवा इंजेक्टरवर टोपी घालावी लागते. कोल्हापुरात उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत लेथवर हे काम सहज होतं, पण चित्र काढून, मापं लिहून द्या. ओ-रिंग बसते त्या भोकाच्या तोंडाला चॅम्फर (तिरकी कापलेली कड) हवा आणि आतला पृष्ठभाग गुळगुळीत हवा, हे कारागिराला आवर्जून सांगा. तोंडाशी बर (धातूची धारदार कोर) राहिली तर ओ-रिंग आत ढकलताना कापली जाते. बाहेर काढल्यावर तिच्या कडेला चंद्रकोरीसारखा पापुद्रा सुटलेला दिसतो. नखाने चाचपडल्याशिवाय तो लक्षात येत नाही, आणि रेल दाबावर आली की तिथूनच पेट्रोल झिरपतं.

फवाऱ्याकडे सहसा कुणी बघत नाही, आणि मला वाटतं सीसीइतकंच ते महत्त्वाचं आहे. आपल्या १६ व्हॉल्व्हच्या इंजिनाला दोन इनटेक व्हॉल्व्ह आहेत. त्यांना दोन धारांचा इंजेक्टर लागतो, एकेक धार एकेका व्हॉल्व्हच्या पाठीवर. तो बसवताना फिरला, तर एक धार मधल्या भिंतीवर आणि दुसरी पोर्टच्या छतावर आदळते. भिंत ओली होते, थ्रॉटल दाबल्यावर पिकअप अडखळतं, आणि ते घालवायला ट्यूनर उगाच जास्त पेट्रोल टाकत बसतो. कपलरची दिशा आणि धारांची दिशा यांचं नातं डेटा शीटवर असतं. ते बघूनच खुणा करा.

## ८. आता खरेदी: कागद नाही तर इंजेक्टर नाही

विक्रेत्याकडे चार गोष्टी मागा: पार्ट नंबर, कोणत्या दाबाला किती प्रवाह, व्होल्टेजनुसार डेड टाइमचा तक्ता, आणि छोट्या फवाऱ्यांत प्रवाहाचा आकडा किती सुधारायचा त्याचा तक्ता. डेड टाइम म्हणजे इंजेक्टरला करंट मिळूनही पेट्रोल वाहत नाही तो वेळ. १४ व्होल्टला तो साधारण १ मिलिसेकंदाच्या आसपास असतो आणि व्होल्टेज उतरलं की झपाट्याने वाढतो. हा तक्ता नसेल तर पायरी १० अंदाजावर होते. पार्ट नंबर घासलेले, ‘क्लीन करून’ विकायला ठेवलेले जुने इंजेक्टर कितीही स्वस्त असले तरी सोडून द्या.

नवे असोत की जुने, बसवण्याआधी चारही टेस्ट बेंचवर लावून घ्या आणि स्वतः समोर उभे राहा. सतत उघडे ठेवून प्रवाह मोजा, मग २ मिलिसेकंदांच्या छोट्या फवाऱ्यांवर मोजा. दुसरी चाचणी बहुतेक ठिकाणी सांगितल्याशिवाय करत नाहीत. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत २ ते ३ टक्क्यांपेक्षा फरक नको. बंद असताना, दाबाखाली, नाकावर थेंब जमता कामा नये.

एवढी काटेकोर जुळणी का, तर एक्झॉस्टमधला वाइडबँड सेन्सर (मिक्स्चर मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) चारही सिलिंडरची सरासरी दाखवतो. तीन इंजेक्टर ३ टक्के जास्त देत असतील आणि एक ९ टक्के कमी, तर मीटरवर सगळं बरोबर दिसतं आणि तो एक पिस्टन वितळतो.

## ९. बसवणी

१. पंपाचा फ्यूज काढा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. रेलचा दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा.

२. इंजेक्टरच्या भोवतीची माती आधी हवेने उडवा. रेल उचलल्यावर ती थेट पोर्टमध्ये पडते.

३. पंपानंतर १० मायक्रॉनचा नवा फिल्टर घाला. नव्या लाइनमधून थोडं पेट्रोल वाहू देऊन ती धुऊन घ्या आणि मगच रेलला जोडा.

४. ओ-रिंग नव्या, विटॉनच्या. त्यांना स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लावा. सिलिकॉन सीलंट किंवा सिलिकॉन ग्रीस लावू नका, त्याने ऑक्सिजन सेन्सर मरतो.

५. चारही इंजेक्टर रेलमध्ये बसवून रेल सरळ खाली दाबा. एका टोकाने दाबली की दुसऱ्या टोकाच्या ओ-रिंग मुडपतात.

तपासणी: रेलचे बोल्ट आवळल्यावर प्रत्येक इंजेक्टर बोटाने थोडा जोर लावून फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. फिरतच नसेल तर रेल तिरकी किंवा स्पेसर आखूड आहे. कारण शोधून दुरुस्त करा, पाना अजून आवळू नका. मग धारांची दिशा खुणेवर आणा.

तपासणी: फ्यूज आणि बॅटरी जोडा. चावी चार-पाच वेळा फक्त ऑन करा, स्टार्ट नको. प्रत्येक इंजेक्टरच्या वर आणि खाली कोरडा टिश्यू फिरवा. एकही डाग दिसला तर इंजिन चालू करायचं नाही.

## १०. ईसीयूला नवे इंजेक्टर सांगा

नवे इंजेक्टर घालून जुन्याच मॅपवर गाडी चालू करून बघण्याचा मोह टाळा. जुने २०० सीसीचे आणि नवे ३१५ चे असतील तर प्रत्येक फवाऱ्यात दीडपटीहून जास्त पेट्रोल जातं, प्लग भिजतात आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन निघतं.

प्रोग्रॅम होणाऱ्या ईसीयूमध्ये आधी प्रवाह भरा, मग दाब, मग डेड टाइमचा पूर्ण तक्ता, आणि मूळ इंधनाच्या मॅपला (कधी किती पेट्रोल द्यायचं त्या तक्त्याला) हात लावण्याआधी हे तिन्ही नीट तपासा. डेड टाइम चुकीचा ठेवून मॅप ओढाताण करून जुळवला तर तो उन्हात एक आणि पावसात दुसरंच दाखवतो.

सावधान: कंपनीच्या ईसीयूला मॅप सेन्सरचा (इथे मॅप म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब) सिग्नल खोटा दाखवून पेट्रोल कमी करणारे पिगीबॅक बॉक्स मिळतात. लोड कमी आहे असं वाटून ईसीयू स्पार्कही लवकर पाडतो. बूस्टवर तेच नॉकिंगला (सिलिंडरमधल्या बेताल स्फोटांना) आमंत्रण.

## ११. चाचणी

वाइडबँड कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी, टर्बोनंतर ६० ते ९० सेंटिमीटरवर आणि आतलं टोक खाली राहील असा, आडव्यापेक्षा किमान १० अंश वर तिरका बसवा, नाहीतर त्यात पाणी साचतं.

मीटर लॅम्डावर ठेवा (१ म्हणजे नेमकं मिक्स्चर, त्याखाली रिच, वर लीन). ई२० वर नेमकं मिक्स्चर एका भाग इंधनाला सुमारे १३.५ भाग हवेला येतं हे खरं, पण पेट्रोलच्या मापावर ठेवलेला मीटर लॅम्डा १ ला १४.७ च दाखवतो. तिथे १३.५ आणायला गेलात तर गाडी ८ टक्के रिच होते. ही चूक सध्या जागोजागी दिसते.

आयडलिंग गरम इंजिनावर लॅम्डा १ च्या आसपास स्थिर झालं की हेडलाइट, ब्लोअर आणि फॅन एकदम चालू करा. व्होल्टेज पडेल. लॅम्डा जागचा हलला नाही तर डेड टाइमचा तक्ता बरोबर. लीन किंवा रिच सरकला तर कमी व्होल्टेजचे आकडे सुधारा.

पूर्ण लोडची चाचणी डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा ट्रॅकवर, हायवेवर नाही. आधी कमी बूस्ट, लॉग (नोंदवलेले आकडे) बघा, मग वाढवा. टर्बोला पूर्ण लोडवर लॅम्डा ०.७८ ते ०.८२, टर्बो नसेल तर ०.८६ ते ०.९०. त्याच लॉगमध्ये ड्यूटी आणि रेलचा दाब बघा. ड्यूटी ८५ च्या खाली हवी, आणि बूस्ट चढेल तसा रेलचा दाब तेवढाच चढायला हवा. दाब वर जाता जाता मध्येच वाकला तर पंप किंवा त्याची वायर कमी पडतेय. तिथेच थ्रॉटल सोडा. मॅपमध्ये पेट्रोल वाढवून तो खड्डा बुजत नाही.

५०० किलोमीटरनंतर फिल्टर बदला, टिश्यूची तपासणी पुन्हा करा आणि चारही प्लग शेजारी शेजारी ठेवून रंग जुळवा. एकच पांढरा दिसला तर तो इंजेक्टर बेंचवर न्या.

पावसाळ्यात गाडी तीन-चार महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. ई२० हवेतली ओल धरतं, पाणी आणि इथेनॉल खाली बसतं, आणि पंपाची जाळी तिथेच असते. सीझनला काढताना आधी रेलची नळी सोडून नव्या पेट्रोलने लाइन धुवा, मगच इंजेक्टरपर्यंत दाब जाऊ द्या.